खोलीत सात जण, स्क्रीनवर मी एकटी. कॅमेरा कोणता घ्यावा?

कंपासपेटी

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी खोली डोळ्यांसमोर आणावी लागेल, म्हणून थोडं पाल्हाळ सोसा.

मी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. टीममध्ये आम्ही आठ जण; सात ऑफिसात, मी घरून. आठवड्यातून तीनदा ड्रॉइंग रिव्ह्यू असतो. दोन मी लाइव्ह गाठते. तिसरा माझ्या वेळेत बसत नाही, त्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी बघते.

खोलीत लांबट टेबल. एका टोकाला भिंतीवर टीव्ही, त्याच्याखाली साहेबांचा लॅपटॉप, तोंड टेबलाकडे. कॅमेरा त्या लॅपटॉपचा, माईक त्याचाच, आवाज टीव्हीतून. साहेब लॅपटॉपला खेटून बसतात, त्यामुळे त्यांनी खुर्ची सरकवली तरी माझ्या कानात गडगडतं. आणि माझं खरं काम ज्या दोघांशी असतं, म्हणजे जे मशीन शॉपमधून भाग बनवून घेतात, ते बसतात पार दुसऱ्या टोकाला. विहिरीत उतरून बोलतायत असं वाटतं. शब्द कळतात, पण दोनातला एक.

मी बोलायचं म्हटलं तर आणखी मजा. मी "एक मिनिट" म्हणेपर्यंत दुसरं कोणीतरी सुरू झालेलं असतं. मग मी गप्प, तेही गप्प, मग "हां, बोल बोल", "नाही नाही, तुम्ही बोला". असं तीनदा झालं की मी नाद सोडते आणि मीटिंग संपल्यावर मेल लिहिते. मेल कोण वाचतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण ही पोस्ट लिहायला बसले ती रेकॉर्डिंगमुळे. मागच्या आठवड्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये ३७व्या मिनिटाला एक जण म्हणतो, "हे इथून इथपर्यंत काढून टाका, आणि हे जरा आत घ्या." लगेच चार जणांचं "हो, बरोबर". कोणीतरी हसतं. माझ्यासमोर मात्र ड्रॉइंग जसंच्या तसं, कारण बोट ठेवलंय टीव्हीवर, आणि टीव्ही कॅमेऱ्याच्या पाठीमागे. मी तो तुकडा सहा वेळा ऐकला. "इथून" म्हणजे कुठून? शेवटी अंदाजाने वरची खाच काढून टाकली. काढायची होती खालची. भाग बनायला मशीनवर चढायच्या आत कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं.

आता बजेट मंजूर झालंय आणि साहेबांच्या मनात तो गोल कॅमेरा भरलाय. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, चारी बाजूंचं दाखवणारा, बोलेल त्याच्याकडे वळणारा. मला म्हणाले, त्रास तुला होतोय तर मॉडेल तूच सुचव. तर कोणी वापरलाय का? कोणता घ्यावा?

खरखर

कॅमेरा राहू द्या बाजूला. एकमेकांची तोंडं न बघता मीटिंगा होतात, फोनवर वर्षानुवर्षं झाल्याच की. ऐकू न येता मात्र होत नाही.

चार गोष्टी सांगा. साहेबांच्या लॅपटॉपपासून शेवटची खुर्ची किती लांब? भिंती कशाच्या? तुमच्या कानात काय असतं, वायरचं की ब्लूटूथ? आणि ते लोक बोलत असताना तुम्ही म्यूटवर असता की नाही?

(मी मीटिंगच्या खोल्यांमध्ये आवाजाची यंत्रणा बसवायचं काम करतो. विकायला काही आलेलो नाही.)

कंपासपेटी

अंतर विचारून घेतलं, साधारण चार मीटर. दोन भिंती काचेच्या, टेबलही काचेचं (माझी निवड नाही). कानात ब्लूटूथ. म्यूटवर नसते. म्यूटवर बसलं की लोकांना वाटतं ही झोपली, म्हणून मी मधून मधून "हं", "बरोबर", "हो ना" म्हणत असते. त्याचा काय संबंध?

खरखर

आहे संबंध. तो शेवटी सांगतो, कारण ऐकून तुम्हाला राग येईल.

आधी विहीर. साहेब माईकपासून अर्ध्या मीटरवर, शेवटचे दोघं चार मीटरवर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्याचा एक, एकाचे दोन, दोनाचे चार, म्हणजे तीनदा दुप्पट आणि १८ डेसिबल. बंद खोलीत प्रत्यक्षात तो एवढा उतरत नाही आणि खरी कटकट तिथेच आहे, कारण उरलेला भरणा काचेवर आपटून परत आलेल्या आवाजाचा असतो. त्या माईकला माणूस कमी आणि भिंती जास्त ऐकू जातात. मग सॉफ्टवेअर बिचारं तो दबलेला आवाज ओढून मोठा करतं, त्याबरोबर भिंतीही मोठ्या होतात. एसीची घरघर पुसता येते, कारण ती एकसुरी असते. घुमलेला आवाज पुसणं फार अवघड, कारण तो त्याच माणसाचा, त्याच शब्दांचा असतो, फक्त जरा उशिरा पोचलेला.

याला महागडा इलाज नाही. माईक तोंडाजवळ न्यायचा, बस. टेबलाच्या मधोमध यूएसबीचा स्पीकरफोन (माईक आणि स्पीकर एकाच पेटीत) ठेवा. टेबल लांब आहे, तेव्हा ज्याला दोन बाजूंना वायरने जादा माईक जोडता येतात असा बघा. कोणीही माईकपासून मीटर-सव्वा मीटरपेक्षा लांब बसता कामा नये. काचेच्या एका भिंतीवर जाड पडदा टाकलात तर आणखी बरं. कागदी फुलं, फोटो वगैरे लावून काही होत नाही, लोक लावतात.

आता एक गोष्ट लोक हमखास चुकतात. नवा माईक आणतात आणि आवाज टीव्हीतूनच ठेवतात. असं करू नका. टीव्हीचा आवाज शून्य, तुमचा आवाजही त्याच स्पीकरफोनमधून. कारण सांगतो. तुमचा आवाज खोलीत वाजतो, माईक तो उचलतो, आणि तो तुमच्याकडे परत येऊ नये म्हणून यंत्र त्याची वजाबाकी करतं. वजाबाकी करायला आपण नेमकं काय आणि कधी वाजवलं ते यंत्राला माहीत हवं. स्पीकर आणि माईक एकाच पेटीत असले की ते पक्कं माहीत असतं. टीव्ही आवाजावर स्वतःचे संस्कार करून तो थोडा उशिरा वाजवतो, मग हिशेब चुकायला लागतो. (जाता जाता: मीटिंगमध्ये ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याला लोक "तुझा माईक बघ" म्हणतात. बिघाड बहुधा समोरच्या बाजूचा असतो.)

आणि आता तुमचं "हं". तुम्ही आणि खोली एकाच वेळी बोललात की वजाबाकीचं काम सगळ्यात कठीण होतं. साधा लॅपटॉप अशा वेळी जोखीम घेत नाही, खोलीचा माईक सरळ दाबून टाकतो. म्हणजे तुम्ही दर वेळी "हं" केलंत की समोरच्याचे एक-दोन शब्द तुम्ही स्वतःच खाता. सभ्यपणे "बरोबर" म्हणता, आणि नेमकं काय बरोबर तेच तुमच्यापर्यंत येत नाही.

ब्लूटूथचं थोडक्यात: माईक चालू झाला की तो हेडसेट गाण्यांच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि नेहमीच्या हेडसेटमध्ये तिथे आवाज सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुन्यांवर येतो, म्हणजे बारकावे गळतात. गाणी झकास आणि मीटिंग पत्र्याच्या डब्यात, असं होतं ते यामुळे. वायरचा हेडसेट लावा. नाहीतर ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि सेटिंगमध्ये माईक लॅपटॉपचा निवडा.

कंपासपेटी

राग नाही आला, लाज वाटली. आजच्या रिव्ह्यूत पहिली दहा मिनिटं म्यूटवर बसले, पुढची दहा नेहमीसारखी "हं हं" करत. फरक एवढा उघड होता की मला माझंच हसू आलं. एका वाक्यात "सेंटरपासून" आणि "मिलिमीटर" यांच्यामधला आकडाच गायब झाला, आणि तिथे मी "बरोबर" म्हटलं होतं!

पण मग साहेबांनी विचारलं, "आहेस ना? लाइन गेली का?"

बोलू_का_मी

कॅमेरा चालू ठेवा आणि मान हलवा. मान हलवल्याने कोणाचे शब्द खाल्ले जात नाहीत.

मला मात्र हे सगळं स्पीकरफोन-पडदे प्रकरण अनावश्यक वाटतं. आमच्याकडे नियम आहे: एक जण दूर, तर सगळे दूर. खोलीत बसले तरी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, प्रत्येकाला आपली चौकट, आपलं नाव. दूरच्या माणसाला सगळे सारखे दिसतात. खोलीतल्या सात जणांची एक टोळी आणि कोपऱ्यात एक चौकट, ही रचनाच मुळात अन्यायाची आहे. तुम्ही यंत्र सुधारताय, आधी बसण्याची पद्धत सुधारा.

कंपासपेटी

हे आम्ही एकदा केलं होतं. तिसरा लॅपटॉप आत आला आणि अशी किंचाळी उठली की मी हेडफोन फेकून दिला. त्यानंतर कोणी नाव काढलं नाही.

खरखर

साहजिक आहे. एका खोलीत दोन लॅपटॉपचे माईक आणि स्पीकर उघडे ठेवले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये, तिथून परत पहिल्यात, आणि चक्र फिरत राहतं. आपल्या स्पीकरचा आवाज कसा वजा करायचा ते यंत्राला माहीत आहे, शेजारच्याचा नाही.

पण @बोलू_का_मी यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. खोलीसाठी एकच माईक आणि एकच स्पीकर, बाकीच्यांनी लॅपटॉपवरून यायचं ते आवाज न जोडता. गूगल मीटमध्ये याला कम्पॅनियन मोड म्हणतात. टीम्स आणि झूममध्येही ऑडिओ न जोडता आत येता येतं. त्याने प्रत्येकाला चॅट, हात वर करणं आणि स्क्रीन शेअर मिळतं, किंचाळी मिळत नाही. मीटने २०२४ मध्ये एकाच खोलीतले लॅपटॉप ओळखून त्यांचे माईक-स्पीकर एकत्र वापरण्याची सोयही काढली आहे, पण ती सगळ्या प्लॅनमध्ये नाही, तेव्हा आयटीला विचारून ठेवा.

सातही जणांनी हेडफोन घालून एकाच टेबलाशी बसायचं, हे मात्र मला जमलेलं कुठे दिसलं नाही. पाचव्या मिनिटाला लोक एक कान उघडा करतात.

बोलू_का_मी

आमच्याकडे जमतं. लोक वेगवेगळ्या खोल्यांत बसतात.

खरखर

मग ऑफिसात कशाला येतात?

बोलू_का_मी

तेच मी गेले वर्षभर विचारतोय.

वायफळ

माझा धंदा नेटवर्कचा, त्यामुळे तुमची "एक मिनिट"वाली तक्रार मी उचलतो. ती माईकने सुटणार नाही.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो असं वाटतं? २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणं तपासून एक अभ्यास झाला होता. सरासरी आली साधारण २०० मिलिसेकंद, सेकंदाचा पाचवा हिस्सा. म्हणजे माणूस समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघतच नाही, ते संपत आलंय हे ओळखून तयार बसलेला असतो.

आता तुमचं बघा. समजा आवाज एका बाजूने यायला पाव सेकंद लागतो. खोलीत शांतता झाली, ती तुम्हाला पाव सेकंद उशिरा कळली. तुम्ही तत्क्षणी तोंड उघडलंत तरी तुमचा शब्द तिथे पोचायला आणखी पाव सेकंद. अर्धा सेकंद गेला. तेवढ्यात टेबलावरच्या कोणीतरी दोनदा सुरुवात केलेली असते. तुम्ही हळू किंवा भिडस्त आहात म्हणून हे होत नाही, तुम्ही शर्यतीत मागून सुटताय.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण बहुतांशी सुरळीत चालतं असं धरलेलं आहे, आणि ४०० च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. तुमचा आकडा काढा. झूमच्या सेटिंगमध्ये स्टॅटिस्टिक्स असतं, टीम्समध्ये मीटिंग चालू असताना कॉल हेल्थ असतं. आकडे मीटिंगच्या मधोमध बघा, सुरुवातीचे नको. आणि ऑफिसचा व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची बंद वाट) लावता का ते सांगा.

कंपासपेटी

व्हीपीएन लावावाच लागतो, ड्रॉइंगचा सर्व्हर त्याच्या आत आहे. आजच्या मीटिंगमध्ये राउंड ट्रिप, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, ४१० मिलिसेकंदांच्या आसपास खेळत होता. मग धाडस करून व्हीपीएन काढला आणि पुन्हा आत आले: ७०! म्हणजे मी आजवर लांबच्या वळणाने येत होते?

वायफळ

अगदी तेच. व्हीपीएन तुमचा आवाज आधी ऑफिसच्या सर्व्हरवर नेतो, तिथून तो बाहेर मीटिंगच्या सर्व्हरवर जातो. त्यात बऱ्याच ठिकाणी व्हीपीएन किंवा फायरवॉल यूडीपी अडवतो, म्हणजे हरवलेल्यासाठी न थांबता डेटा पुढे पाठवत राहणारी पद्धत. मग अ‍ॅप नाइलाजाने टीसीपीवर जातं. टीसीपीचा स्वभाव असा की हरवलेलं पाकीट (डेटाचा तुकडा) परत मागवल्याशिवाय पुढचं देत नाही. फाइलला ते ठीक. बोलण्यात अर्ध्या सेकंदापूर्वीचा हरवलेला "तर" परत मिळवून करायचं काय?

रोज व्हीपीएन काढत-घालत बसू नका, आणि स्वतःच्या मनाने काही बदलूही नका. आयटीला लिहा की मीटिंगचा आवाज-व्हिडिओ व्हीपीएनच्या बाहेरून जाऊ द्या, बाकी सगळं आत राहू द्या. याला स्प्लिट टनेल म्हणतात, त्यांना कळेल. पोर्ट विचारले तर टीम्सचे यूडीपी ३४७८ ते ३४८१, झूमचे यूडीपी ८८०१ ते ८८१०. आकडे मेलमध्येच घाला. आकडे असलेला मेल आयटीवाले लवकर उघडतात, अनुभव आहे.

एवढं करूनही खोलीतल्यांचा विलंब शून्य आणि तुमचा शून्याच्या वर, हे राहणारच. म्हणून खोलीतल्या एकाला तुमचा वकील नेमा. तुम्ही हात वर केलात की त्याने तोंडाने सांगायचं, "थांबा, तिला बोलायचंय." साहेबांना नेमू नका. साहेब बोलत असतात.

उशिरा_पाहणारा

"हे इथून इथपर्यंत". काटा आला अंगावर. मी गेली चार वर्षं जवळजवळ सगळ्या मीटिंगा दुसऱ्या दिवशी बघतो, आणि "हे", "ते", "इथलं", "मघाशी म्हटलं तसं" या चार शब्दांनी माझे जेवढे तास खाल्लेत तेवढे खराब नेटने खाल्ले नाहीत.

तुमच्या खाचेच्या भानगडीवर गोल कॅमेरा आणलात तर काय दिसेल? माणसाचा हात उठला, टीव्हीकडे गेला, एवढंच. बोट कुठल्या रेषेवर टेकलं ते दिसणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये येतं ते शेअर केलेल्या स्क्रीनवरचं. म्हणून जे दाखवायचं ते स्क्रीनच्या आतून दाखवायचं. आम्ही एक बिनवायरचा माऊस टेबलावर सोडलाय. ज्याला बोट ठेवायचंय त्याने आधी माऊस हातात घ्यायचा. टीव्हीपर्यंत चालत जायचं नाही. कर्सरचा आकार सेटिंगमध्ये जाऊन मोठा करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये मुंगीएवढा दिसतो.

दुसरं, नाव घेऊन बोलायची सवय. "ड्रॉइंग अमुक, शीट दोन, खालची खाच." सुरुवातीला लोक हसतात. महिन्याभराने तेच सांगतात की मिनिट्स लिहायला सोपं पडतंय.

ट्रान्स्क्रिप्ट (बोलणं आपोआप लिहून काढणारी सोय) चालू करता येत असेल तर जरूर करा, पण त्याच्यावर विसंबून माप घेऊ नका. आपण दोन भाषा मिसळून बोलतो, आकडे तर हमखास. "साडेबारा"चं माझ्याकडे नुसतं "१२" झालेलं आहे, आणि "पावणेदोन"चं काय झालं ते सांगत नाही. ट्रान्स्क्रिप्टचा खरा उपयोग शोधायला. मी आधी माझं नाव शोधतो, मग माझ्या भागाचं नाव, तिथली वेळ बघून व्हिडिओवर उडी मारतो आणि आकडा कानाने ऐकतो. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या कामाची मिनिटं सहा-सात असतात. वेग दीडपट ठेवतो. दुप्पट केला तर शब्द कळतात पण कोण नाराज आहे ते कळत नाही.

रेकॉर्डिंग नेमकं कुठे साठतं ते आत्ताच विचारून घ्या, गरज पडेल तेव्हा नको. टीम्सचं वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटमध्ये जातं आणि कोणी सेटिंग बदललं नसेल तर १२० दिवसांनी आपोआप काढून टाकलं जातं. मीटचं आयोजकाच्या ड्राइव्हमध्ये. झूममध्ये क्लाउड नसेल तर ज्याने बटण दाबलं त्याच्या संगणकावर, आणि तिथे मीटिंग संपल्यावर फाइल तयार व्हायला वेळ लागतो. आमच्याकडे एकाने मीटिंग संपताच लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. दुसऱ्या दिवशी मला मिळाली ती न उघडणारी एक अर्धवट फाइल. आणि बहुतेक ठिकाणी चॅट व्हिडिओत येत नाही, वेगळं राहतं. "लिंक चॅटमध्ये टाकलीये" हे वाक्य मी किती वेळा नुसतं ऐकलंय.

अजून एक, सगळ्यात फालतू वाटणारं. मीटिंग दहाला सुरू होते आणि रेकॉर्डिंग दहा वाजून सात मिनिटांनी, कारण तेव्हा कोणाला तरी आठवतं. त्या सात मिनिटांत काय ठरलं ते मला कधीच कळलेलं नाही. रेकॉर्डिंग आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती लावून घ्या. अ‍ॅप सूचना दाखवतं तरी सगळ्यांना तोंडाने विचारा, आणि गप्पा घरगुती विषयावर गेल्या की थांबवा. मला लोकांच्या दुखण्याखुपण्याच्या गोष्टी नको असतानाही ऐकाव्या लागल्या आहेत.

बोलू_का_मी

यातलं अर्धं तरी, आधी दोन ओळी लिहून पाठवल्या तर लागणारच नाही. ज्याला लाइव्ह येता येत नाही त्याच्यासाठी दीड तासाचा व्हिडिओ ठेवणं म्हणजे जेवायला बोलावून कोठीची किल्ली देणं.

उशिरा_पाहणारा

हे मान्य. पण लिहिणारा जेव्हा "खाच काढून टाकावी" असं लिहितो आणि कोणती ते लिहीत नाही, तेव्हा ३७व्या मिनिटाला जाता आलं पाहिजे.

कंपासपेटी

तीन आठवड्यांनी परत आलेय. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायलाच हवं.

स्पीकरफोन विकत घ्यावा लागलाच नाही. मी "जोडमाईकवाला" हे वर्णन पाठवल्यावर एकाला आठवलं की जुन्या प्रोजेक्टरच्या कपाटात तसलं काहीतरी आहे. होतं. खोक्यासकट, दोन्ही माईक अजून प्लास्टिकच्या पिशवीत. कोणी कधी मागवला होता हे कोणालाच माहीत नाही. तो टेबलाच्या मधोमध, एक माईक शेवटच्या दोघांच्या पुढ्यात, टीव्हीचा आवाज शून्य. पहिल्या दिवशी मी आत आले आणि दुसऱ्या टोकाचा माणूस म्हणाला, "ऐकू येतंय का ताई?" तो इतका जवळून आला की मी दचकले. त्याचा आवाज मऊ आहे, हे मला दोन वर्षांनी कळलं.

माऊसला मात्र आठवडा लागला. सवयीने लोक उठून टीव्हीपाशी जायचे. मग कोणीतरी "माऊस!" असं ओरडायला लागलं, आणि आता तो खेळच झालाय. साहेबांनाही दोनदा ओरडा बसला. काल रेकॉर्डिंग बघत होते. कर्सर सरळ जाऊन एका होलच्या कडेवर थांबला आणि आवाज आला, "शीट तीन, डावीकडचं होल, साडेबाराचं तेरा करा." थांबवून परत ऐकावंही लागलं नाही. ट्रान्स्क्रिप्टमध्ये ते "साडेबाराचं तेरावं" असं आलंय. श्राद्धच.

व्हीपीएनचा मेल आकड्यांसकट पाठवला. अकरा दिवस लागले, पण झालं. आता आकडा ८०-९० असतो. वकील म्हणून त्याच मऊ आवाजाच्या माणसाला नेमलंय, पण त्याची गरज कमी पडतेय. परवा साहेबांचं वाक्य मी मध्येच तोडलं आणि ते थांबलेसुद्धा. त्यानंतर काय बोलायचं होतं ते मी क्षणभर विसरले.

मी म्यूटवर असते, कॅमेरा चालू, मान हलवते. मान दुखते.

गोल कॅमेऱ्याची फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे. त्यांना तो हवाच आहे, मी विरोध करत नाही.

एक नवीन भानगड मात्र झालीये. शेवटच्या खुर्चीतला एक जण विचार करताना पेनाचं बटण टकटक दाबत राहतो. माईक आता त्याच्या पुढ्यातच आहे, त्यामुळे माझ्या कानात हातोडी चालते. नॉइज सप्रेशन वाढवून बघितलं तर टकटक जाते, पण त्याच्यासोबत त्याच्या वाक्याची टोकंही कापली जातात. @खरखर, याला काही सेटिंग आहे का?

खरखर

आहे. पेन काढून घ्या, पेन्सिल द्या.